हटवार सरांचा थकलेला नेम

हटवार सरांशी हात मिळवायचा असेल तर थोडी सवड काढून ठेवावी. एकदा तुमचा हात त्यांच्या हातात गेला की पंधरा सेकंद तो तुमचा राहत नाही. त्यांची तीन बोटं हळूच तुमच्या मनगटाखाली सरकतात, नजर आभाळाकडे जाते, ओठ पुटपुटू लागतात. तुम्ही 'काय म्हणता, बरं आहे ना' वगैरे विचारून मोकळे झालेले असता. उत्तर येत नाही. मग पुटपुटणं थांबतं, चौपट करायला लागतो तेवढा वेळ जातो, आणि सर म्हणतात, "ब्यान्नव. सायकलनं आले वाटते." यानंतर हात परत मिळतो.

मी या शाळेत गणित शिकवायला आले त्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली. नव्या ठिकाणी बाईमाणसाचा हात असा कोणी धरून ठेवावा, हे मला अजिबात आवडलं नव्हतं. मी हात ओढणार तेवढ्यात सर म्हणाले, "एकशे चार. भेव वाटून राहिलं का मॅडम?" मला भीती वाटत होती, हे खरंच होतं. म्हणून तर जास्त राग आला.

पुढे कळलं की हा माणूस कोणालाच सोडत नाही. लग्नात नवरदेवाला शुभेच्छा द्यायला स्टेजवर गेला की मागची रांग खोळंबते. आमच्या मुख्याध्यापकांच्या पुतण्याच्या लग्नात तर सरांनी नवऱ्या मुलाला सगळ्यांदेखत थोडा वेळ खुर्चीवर बसून घ्यायला सांगितलं. दुखवट्याला बसणीच्या घरी जातात तिथेही तेच. गावातल्या एका म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ वारला तेव्हा सर त्याचा हात धरून गप्प बसले होते. म्हातारा पुढे कित्येक दिवस सांगत होता की सगळे आले आणि बोलून गेले, एकट्या हटवार सरांनी माझं दुःख जाणलं. सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले की बहात्तर होती नाडी, अगदी संथ, आणि एवढ्या दुःखात बहात्तर कशी राहते याचंच नवल करत बसलो होतो.

सर आमचे क्रीडाशिक्षक. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटक, डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी ते वाजवत नाहीत, कारण शिट्टीनं पोरींची नाडी वाढते आणि मग मोजणीत घोळ होतो. ते मुलींना बास्केटबॉल शिकवतात. या भागात बास्केटबॉल कोणी मागितला नव्हता. कुठल्याशा योजनेतून शाळेला दोन खांब, दोन फळ्या आणि दोन रिंगा आल्या, बरीच वर्षं व्हरांड्यात पडून राहिल्या, आणि एका सुट्टीत सरांनी त्या स्वतः खड्डे खणून उभ्या केल्या. तेव्हापासून बारा वर्षं झाली.

आमची शाळा सानगडीच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत आहे. शाळेच्या मागे मैदान, मैदानाच्या मागे तलावाची पाळ, पाळीच्या मागे तलाव, आणि तलावाच्या मागे जे काही असेल ते संध्याकाळी दिसत नाही. त्या वेळी पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं. बगळे कुठल्यातरी एका झाडाकडे ओळीनं जात असतात. मी वह्या तपासायला म्हणून मागच्या पायरीवर बसते आणि वही मांडीवर तशीच राहते. समोर पोरी पळत असतात, बॉल जमिनीवर मऊ आवाज करत उसळत असतो, मध्येच सुतळीची जाळी रिंगेत अडकते आणि सर उडी मारून ती बोटांनी सोडवतात. या गावात मी दोन वर्षांसाठी आले होते. सहा झाली. का राहिले असं कोणी विचारलं तर मला बहुधा ती पायरीच सांगावी लागेल.

सरांच्या लेखी जगात दोनच गोष्टी आहेत, ताजा नेम आणि थकलेला नेम. ताज्या नेमाबद्दल त्यांना काडीचा आदर नाही. "ताजा नेम सबकोनाले येते," असं ते म्हणतात. "थकलेला नेम दाखव, मंग बोल." एखादी पोरगी सकाळी सकाळी लागोपाठ आठ बॉल रिंगेत टाकून कौतुकाच्या आशेनं बघू लागली की सर तिला पाळीवरून पळून यायला सांगतात. ती धापा टाकत आली की आधी मनगट, मग बॉल.

थकव्यानं नेम नक्की कसा बिघडतो, याचा शोध हेच त्यांचं आयुष्य. त्यासाठी हजेरीची उरलेली जुनी रजिस्टरं होती. प्रत्येक पोरीच्या नावापुढे बसल्या जागची नाडी आणि दहा बॉल. पाळीचा एक फेरा आणि दहा बॉल. तीन फेरे आणि दहा बॉल. किती गेले, किती चुकले, आणि चुकले ते कुठे चुकले. या शेवटच्या रकान्यासाठी त्यांनी माझा जीव खाल्ला. टक्केवारी काढायला त्यांना गणिताची बाई हवी होती. मी आधी टाळलं, मग एका रविवारी करून दिलं, आणि मग ते माझ्याच गळ्यात पडलं.

पण एक सांगते, त्या आकड्यांत काहीतरी होतं. जरासा दम लागला, कपाळावर घाम आला, की नेम बिघडत नव्हता. उलट कित्येकींचा सुधारत होता. एका हद्दीपलीकडे दम गेला की मात्र घसरण सुरू. आणि घसरणही अंदाधुंद नव्हती. थकलेल्या पोरीचा बॉल डावी-उजवीकडे फारसा जात नसे. तो अलीकडे पडे. रिंगेच्या पुढच्या काठावर टप्पा खाऊन परत तिच्याच पायाशी येई. सरांनी याचं कारण मला खडूनं फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. "हात बिचारा शेवटपर्यंत इमानदार रायते, मॅडम. पाय पहिले बेइमान होते. गुडघा वाकत नाही, बॉलले खालून जोर भेटत नाही."

हे एकदा डोक्यात बसल्यावर त्यांना सगळीकडे तेच दिसू लागलं. मला वर्गात झोपणाऱ्या मुलाच्या बाकावर खडू फेकायची सवय आहे. सर आठवडाभर माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभे राहत होते, मला वाटलं पावसापासून आडोसा घेतात. शनिवारी त्यांनी कागद दाखवला. दुसऱ्या तासाला माझा खडू बरोबर बाकावर पडतो, सातव्या तासाला एक बाक अलीकडे. घरी वहिनींची पोळीही त्यांनी सोडली नाही. तव्यावरून ताटात टाकलेली सकाळची पोळी मधोमध पडते आणि रात्रीची काठावर, हे त्यांनी जेवताना मोठ्या आनंदानं जाहीर केलं. वहिनींनी त्या दिवसापासून त्यांना स्वयंपाकघरात, चुलीला लागून बसवायला सुरुवात केली, म्हणजे फेकायचं कामच नाही.

प्रणाली सापडली तीही या वेडापायी.

आमच्याकडे श्रावणाच्या मागेपुढे रोवणीची घाई असते. बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, बाया ओळीनं वाकून उलट्या पावलांनी रोवत मागे येतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एकजण उभी राहून रोपांच्या पेंड्या त्यांच्यापर्यंत फेकते. पेंडी बाईच्या हाताशी पडली पाहिजे. अलीकडे पडली तर तिला चिखलातून चार पावलं जावं लागतं, अंगावर पडली तर शिव्या मिळतात. सर शाळेत येताना धुऱ्यावर थांबून हे बघत असत. एका दुपारी त्यांनी बघितलं की नववीतली एक काळीसावळी, लांब हातांची पोरगी सकाळपासून पेंड्या फेकते आहे, दिवस कलला तरी प्रत्येक पेंडी जिथे हवी तिथेच पडते आहे. सर धुऱ्याधुऱ्यानं तिच्यापर्यंत गेले आणि तिचा चिखलाचा हात धरला. तिची आई विळा घेऊन धावली होती, असं काहीजण सांगतात. सर म्हणतात, विळा नव्हता, नुसतीच धावली होती.

दुसऱ्या दिवसापासून प्रणाली कापगते मैदानावर यायला लागली. रोवणी करूनच यायची, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल पांढरा पडलेला असायचा. त्या दिवसांत सर तिला पळवत नसत. दम बांधीतच लागून आला, असं रजिस्टरात लिहीत. ती फारसं बोलत नसे. रिंगेसमोर उभी राहिली की तिचा चेहरा पाण्याकडे बघत बसलेल्या माणसासारखा होई. बॉल हातातून सुटे, वर जाई, थोडा वेळ आभाळातच राहिल्यासारखा वाटे, आणि जाळीतून खाली येई. मला खेळातलं कळत नाही, पण तेवढा वेळ मीही वह्या विसरत असे.

दहावीच्या वर्षी तिच्या वडलांनी स्पष्ट सांगितलं. या वर्षी निवासी क्रीडा शाळेत निवड झाली तर पोरगी जाईल, शिकेल, खेळेल. नाही झाली तर खेळ बंद. यात त्यांचं काही चुकलं होतं असं मला वाटत नाही. निवड भंडाऱ्याच्या जिल्हा स्पर्धेत होणार होती. नागपूरहून निवडीसाठी एक बाई येणार होत्या, एके काळी स्वतः मोठ्या पातळीवर खेळलेल्या. सरांनी बारा वर्षांची रजिस्टरं दुपट्ट्यात बांधली. प्रणालीचा नेम बाईंना दिसेलच, पण थकल्यावरही तो किती टिकतो याचा बारा महिन्यांचा पुरावा आपल्याकडे आहे, असं ते बसमध्ये मला तीनदा म्हणाले. मुलींसोबत शिक्षिका हवी म्हणून मी गेले होते. तालुक्याचे सामने आमच्याच मैदानावर होत, आणि दरवर्षी आमचा संघ त्यापलीकडे जात नसे. या वर्षी पहिल्यांदाच जिल्ह्याला आला होता.

बाईंनी सकाळी रजिस्टरं मनापासून चाळली. दोन-चार प्रश्न विचारले. शेजारच्या शाळांचे शिक्षक मान वर करून बघू लागले. सर त्या वेळी जसे दिसत होते तसं मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं, टोपीसुद्धा सरळ होती.

सामना सुरू झाला. सिमेंटचं मैदान, पोरींच्या पायात बूट. पहिलाच बॉल प्रणालीनं टाकला. तो वर गेला, थांबल्यासारखा झाला, आणि रिंगेच्या पुढच्या काठावर आपटून परत आला. दुसरा तसाच. मग दुसऱ्या पोरीचा, मग तिसरीचा. सगळे अलीकडे. एकही डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सुरुवातीची पाच मिनिटं झाली नव्हती आणि आमचा अख्खा संघ तीन फेरे पळून आल्यासारखा खेळत होता.

सरांचा रंग उडाला. पहिला खंड संपला तसे ते एकेकीचं मनगट धरत सुटले. "ताज्या आहेत पोरी," ते मला म्हणाले. "एकदम ताज्या. मंग थकलेला नेम कायले पडून राहिला?" त्यांच्या आयुष्याच्या शोधाला पहिल्यांदाच खोटं ठरवणारं काहीतरी समोर घडत होतं, आणि ते नेमकं त्या दिवशी घडत होतं. प्रणाली गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत होती. निवडीच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. चुकलेल्या बॉलाबद्दल लिहायला फार शब्द लागत नसणार.

मध्यंतराला सर मैदानात गेले. आमच्या बाजूच्या रिंगेखाली उभे राहिले, वर बघितलं, आणि उडी मारली. बोटं जाळीच्या खालीच राहिली. त्यांनी टोपी काढून माझ्याकडे दिली, पुन्हा मारली. पुन्हा खालीच. तिसऱ्या उडीला प्रेक्षकांतून हसू आलं. पांढऱ्या केसांचा एक मास्तर भर मैदानात एकटाच उड्या मारत होता. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. मग ते जड पावलानं परत आले आणि पोरींच्या समोर सिमेंटवर बसले.

"पोरींनो, तुमचं काईच चुकलं नाही," ते म्हणाले. "आपली रिंग बुटकी आहे. दरसाल मी मैदानात मुरूम टाकत गेलो अन् जमीन वर येत गेली. खांब होता तिथंच रायला. बुटक्या रिंगवर खेळवलं मी तुमाले."

मी गणिताची बाई, बारा वर्षांची टक्केवारी दशांश चिन्हानंतर दोन घरं काढणारी. माझ्याही डोक्यात हे कधी आलं नव्हतं. शेवटी प्रणालीनं विचारलं, "कितीक वर टाकू, सर?"

सरांनी पंजा ताणून वीत दाखवली. ती त्या ताणलेल्या पंज्याकडे बराच वेळ बघत राहिली.

उरलेल्या खेळात तिनं तो वीतभर फरक शोधला. सुरुवातीचे बॉल मागच्या फळीवर आपटले, मग काठावर घुटमळले, मग पडू लागले. शेवटच्या पाच मिनिटांत ती पळून पळून लाल झाली होती आणि तेव्हाच तिचा नेम सगळ्यात चांगला लागत होता. पण तोवर उशीर झाला होता. आम्ही हरलो.

सर रजिस्टरांचं गाठोडं घेऊन बाईंच्या टेबलापाशी गेले. मी मागोमाग. तिथे बाकी शाळांचे शिक्षकही उभे होते, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"बाई, पहिल्या अर्ध्यातले चुकलेले बॉल या पोरीच्या नावावर नोका लिवू," सर म्हणाले. "ते माहे आहेत."

बाईंना काही कळेना. मग सरांनी मुरमाचं सांगितलं, सगळं, न गाळता. बारा वर्षं रिंगेची उंची एकदाही मोजली नाही हेही सांगितलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं. एका शिक्षकानं विचारलं की नाडी मोजायला वेळ होता आणि टेप धरायला नव्हता का. सर त्याच्याकडे वळून म्हणाले की नव्हता, आणि पुन्हा बाईंकडे वळले. सकाळी ज्या रजिस्टरांवर ते हात फिरवत होते ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले की यातलं सारं बुटक्या रिंगेवरचं आहे, हे पाहू नका, पोरीला एकदा पाहा, थकवून पाहा.

आपल्या हातानं आपलं बारा वर्षांचं काम असं कोणी खोडताना मी बघितलेलं नाही.

बाईंनी घड्याळ बघितलं. प्रणालीला बोलावलं आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लावलं, थांब म्हणेपर्यंत. सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते, मनगट धरायला जाऊ नयेत म्हणून. प्रणाली धापा टाकत रेषेवर आली. पहिला बॉल अलीकडे पडला. तिनं डोळे मिटले, उघडले, गुडघे वाकवले. पुढचे नऊ मी मोजले नाहीत. मी बाईंचं पेन बघत होते. ते थांबलं होतं आणि त्या नुसत्या बघत होत्या.

त्यांनी नाव लिहिलं, पण पक्कं नाही. महिन्याभरानं नागपूरला शेवटची चाचणी होती. "तिथली रिंग दहा फुटांवरच असते, सर," त्या शांतपणे म्हणाल्या आणि रजिस्टरं परत दिली.

परतीच्या बसमध्ये मी सरांना समजावायचा प्रयत्न केला. रिंग बुटकी असली तरी ताज्या पोरीला आणि थकलेल्या पोरीला तीच होती. तेव्हा दोघींतला फरक खराच आहे, रजिस्टर फुकट गेलेलं नाही. गणितानं हे बरोबर होतं. सरांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. कापणीला आलेला, लवकर पिकणारा हलका धान दोन्ही बाजूंनी पिवळा पडला होता आणि त्यावरून संध्याकाळ सावकाश येत होती. मागच्या सीटवर पोरी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या. बूट काढून त्यांनी पिशवीत भरले होते, कारण ते शाळेचे होते आणि फक्त सामन्यापुरते होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मैदानाकडून खण् खण् आवाज यायला लागला म्हणून मी गेले. सर एकटे, बनियनवर, कुदळीनं मैदान खणत होते. रिंगेखालची एका खोलीएवढी जागा त्यांनी वीतभर खाली नेली होती. बाकीचं मैदान समोर पसरलेलं होतं. महिन्याभरात पोरीला खरी रिंग द्यायची होती आणि त्यांना हाच उपाय सुचला होता.

मी म्हटलं, "सर, जमीन खाली नेण्यापेक्षा रिंग वर न्या ना."

कुदळ हवेतच थांबली. त्यांनी रिंगेकडे बघितलं, खणलेल्या खड्ड्याकडे बघितलं, आणि मग खड्ड्याच्या काठावर बसून हसायला लागले. मीही हसले. दोघं बराच वेळ हसत होतो. तलावावरून मंद वारा येत होता, कोणीतरी पलीकडच्या काठावर बैल धूत होतं, आणि त्या दुपारी कशाचीच घाई आहे असं वाटत नव्हतं.

हसता हसता मी खणून काढलेला मुरूम मुठीत घेतला. तो पिठासारखा मऊ होता. मी आणखी खालचा घेतला, जुन्या थरातला. तोही तसाच. एक खडा हाताला लागेना. आमच्या रस्त्यावर पडतो तो मुरूम गोट्यांनी भरलेला असतो. मी विचारलं, हा असा कुठून आणता.

सर म्हणाले की मुरूम सगळीकडचा सारखाच असतो, मी चाळतो. रेती चाळायची चाळणी आहे घरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रॉलीभर चाळायला पंधरा दिवस लागतात. पहिल्याच वर्षी एका पोरीच्या तळव्यात धारदार गोटा गेला होता. ती तीन दिवस लंगडत खेळली आणि सांगितलं नाही, सांगितलं तर सर घरी पाठवतील म्हणून. तेव्हापासून दरवर्षी वरचा थर पावसानं धुपला, खालचे गोटे उघडे पडायची भीती वाटली, की नवा थर.

मग ते थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती सारखी करत राहिले.

"पोरी अनवानी खेळतेत ना, मॅडम," ते म्हणाले. "मी वर कधी पाहिलंच नाही. माहं सारं ध्यान त्याइच्या पायाइकडे."

बारा वर्षं मुलींना नेम शिकवणाऱ्या माणसानं रिंगेकडे नीट बघितलंच नव्हतं, आणि त्याचं कारण हे होतं. काल भंडाऱ्याला तीन उड्या मारताना त्याला हसणाऱ्यांना हे सांगायला मलाच ते ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी सरांनी सांगू दिलं नसतं. मी टोपलं उचललं आणि खणलेला मुरूम परत खड्ड्यात टाकायला लागले.

प्रणाली पुढे नागपूरच्या चाचणीत निवडली गेली. आता ती तिकडेच असते, बूट घालून खेळते. सरांना फोन करते तेव्हा आधी स्वतःची नाडी सांगते म्हणे. पण ते नंतरचं.

त्या आठवड्यात ट्रॉल्या जोडणारा वेल्डिंगवाला आपली मशीन गाडीवर घालून मैदानात आला. मी टेप धरली. शिडीवर चढून त्यानं फळी मोकळी केली आणि वीतभर वर सरकवायला घेतली. संध्याकाळ होत आली होती. पोरी, मुख्याध्यापक, वहिनी, प्रणालीचे वडील, सगळे जमले होते आणि माना उंचावून रिंगेकडे बघत होते. दहा फूट झाले तसे मी सांगितलं आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी वळून सरांकडे बघितलं. ते आमच्यात नव्हते. वेल्डिंगवाल्याच्या गाडीच्या चाकांबरोबर बाहेरचे गोटे मैदानात आले होते, आणि सर वाकून, चाकोरीच्या कडेकडेनं चालत, एकेक गोटा उचलून खिशात टाकत होते.